विंडोज नव्याने टाकण्याआधी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या

गेल्या पावसाळ्यात भाच्याचा फोन आला. "मामा, विंडोज नवीन टाकली, पण वायफायचं चिन्हच दिसत नाही." घर कोकणातल्या वाडीत. ब्रॉडबँडची तार तिथवर पोचलेली नाही, मोबाइलला रेंज मिळते ती मागच्या पडवीत उभं राहिल्यावर. लॅपटॉप मंद झाला म्हणून त्याने मित्राकडून विंडोजचा पेनड्राइव्ह आणला आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट करून टाकला. आता वायफाय चालायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट मिळायला वायफाय हवं. शेवटी भर पावसात एसटीने तालुक्याला जाऊन त्याला तो ड्रायव्हर उतरवून आणावा लागला.

मला वाईट वाटलं ते एकाच गोष्टीचं. तो ड्रायव्हर आदल्या रात्रीपर्यंत त्याच लॅपटॉपमध्ये होता, आणि फॉरमॅट करण्याआधी पाच-दहा मिनिटांत पेनड्राइव्हवर घेता आला असता. ते कसं करायचं हे इथे पहिल्यापासून सांगतो. कॉम्प्युटरचं फारसं ज्ञान लागत नाही. कीबोर्डवर सावकाश, बघून बघून टाइप करता आलं की पुरे.

विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज नव्याने टाकण्याची वेळ सध्या बऱ्याच घरांवर येते आहे. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ या दोन्हींना लागू आहे.

ड्रायव्हर नेमका असतो कुठे

वायफायची चिप, आवाजाची चिप, टचपॅड, ग्राफिक्स, ब्लूटूथ अशा प्रत्येक भागाशी विंडोजला कसं बोलायचं ते सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. काही ड्रायव्हर विंडोजच्या पोटातच येतात. कीबोर्ड, माउस, साधं चित्र दाखवणं यांसाठी काही करावं लागत नाही. बाकीचे लॅपटॉपच्या कंपनीने घातलेले असतात किंवा नंतर अपडेटमधून आलेले असतात.

हे बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर विंडोज एका जागी जपून ठेवते. विंडोज फोल्डर, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी. त्या फोल्डरमध्ये डोकावलात तर शेकडो लांबलचक नावांचे फोल्डर दिसतील, आणि बऱ्याच नावांत "एएमडी६४" असं लिहिलेलं असेल. आमचा प्रोसेसर तर इंटेलचा आहे, मग हे काय, असं विचारणारे मला दर महिन्याला भेटतात. ६४ बिट विंडोजसाठीच्या ड्रायव्हरला तेच नाव दिलं जातं, प्रोसेसर इंटेलचा असो की एएमडीचा. काळजीचं कारण नाही.

जुना लॅपटॉप असेल तर कदाचित विंडोज टाकल्याबरोबर वायफाय आपोआप चालेल, कारण ती चिप विंडोजच्या ओळखीची असते. अडतं ते नव्या लॅपटॉपवर. तुमचा विंडोजचा पेनड्राइव्ह २०२१ साली बनवलेला असेल आणि लॅपटॉप २०२४चा, तर त्या विंडोजने ती चिप कधी पाहिलेलीच नसते.

आधी तीन गोष्टी हाताशी घ्या

पेनड्राइव्ह. शक्यतो विंडोजच्या पेनड्राइव्हपेक्षा वेगळा घ्या. ड्रायव्हरचा सगळा ढीग साधारण एक ते पाच जीबीत बसतो, त्यातला मोठा वाटा ग्राफिक्सचा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह निवांत पुरतो. एकच पेनड्राइव्ह असेल तर क्रम चुकवू नका. विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना त्यावरचं सगळं पुसलं जातं. म्हणून आधी तो बनवा, आणि मग उरलेल्या जागेत ड्रायव्हर ठेवा. उलटं केलंत तर घेतलेले ड्रायव्हर तुमच्याच हाताने पुसले जातील.

लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल. स्टार्टमध्ये "एमएसइन्फो३२" शोधा, जी खिडकी उघडेल तिचा मोबाइलवर फोटो काढा. पुढे कंपनीच्या साइटवर जायची वेळ आलीच तर हा फोटो लागतो.

आणि बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. ही लोक हमखास विसरतात. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते. तुम्ही फक्त सी फॉरमॅट केलात आणि डीमध्ये मुलांचे फोटो आहेत, तर नवी विंडोज सुरू झाल्यावर डी उघडायला ४८ अंकी की मागितली जाऊ शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ऑनलाइन असते, आणि तुमच्याकडे तेव्हा इंटरनेट नसतं. म्हणून आधीच बघून कागदावर उतरवा, दोनदा ताडून पाहा. फोटो आणि कागदपत्रं तर वेगळ्या डिस्कवर घ्याच. ड्रायव्हरचा बॅकअप म्हणजे तुमच्या फाइलींचा बॅकअप नव्हे.

ड्रायव्हर बाहेर काढणं

यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर उतरवू नका. "ड्रायव्हर अपडेटर", "ड्रायव्हर बूस्टर" अशा नावांनी खूप काही फुकट मिळतं. त्यातलं बरंचसं जाहिराती घुसवतं किंवा ऐन वेळी पैसे मागतं. विंडोजमध्येच एक साधन आहे आणि तेच सगळ्यांत भरवशाचं आहे. त्याचं नाव पीएनपीयूटिल. सुटी अक्षरं सांगायची तर पी, एन, पी, यू, टी, आय, एल.

पेनड्राइव्ह लावा. फाइल एक्सप्लोररमध्ये त्याला कोणतं अक्षर मिळालं ते बघा. समजा ई आहे. त्यात एक नवा फोल्डर करा आणि नाव द्या फक्त तीन अक्षरांचं, डीआरव्ही. नावात स्पेस नको, मराठी अक्षर नको, लांब नाव नको. हा फोल्डर आधी करणं गरजेचं आहे, कमांड तो स्वतःहून करून देत नाही.

आता स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा. यादीत "टर्मिनल ॲडमिन" किंवा "पॉवरशेल ॲडमिन" दिसेल, ते निवडा, आणि परवानगी विचारली की येस म्हणा. ॲडमिन असलेलंच निवडायचं. साधं उघडलंत तर परवानगी नसल्याची तक्रार येते आणि काहीच होत नाही.

कमांड मी भाच्याला फोनवर सांगतो तशीच इथे सांगतो. टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायची. तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, उलटी तिरकी म्हणजे एंटरच्या डोक्यावरची. या दोघींची अदलाबदल हीच सगळ्यांत जास्त होणारी चूक.

पीएनपीयूटिल, स्पेस, तिरकी रेघ, लगेच चिकटून एक्सपोर्ट, हायफन, ड्रायव्हर, स्पेस, स्टार, स्पेस, ई, कोलन, उलटी तिरकी, डीआरव्ही. एंटर.

स्टार म्हणजे शिफ्ट धरून आठचं बटण. त्याचा अर्थ "सगळे". एक्सपोर्ट, हायफन आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये कुठेही स्पेस नाही. एंटर दाबल्यावर ओळी भराभर सरकू लागतात, एकेका ड्रायव्हरचं नाव येतं आणि खाली तो यशस्वीपणे निघाल्याचं लिहून येतं. जुन्या पेनड्राइव्हवर ग्राफिक्सच्या ठिकाणी दोन-तीन मिनिटं काहीच हलत नाही. तेव्हा खिडकी बंद करू नका. शेवटी दोन आकडे येतात, एकूण ड्रायव्हर किती आणि बाहेर काढलेले किती. ते दोन्ही सारखे असले पाहिजेत.

विंडोज ८.१ असेल तर पीएनपीयूटिलला ही कमांड कळत नाही. तिथे डीआयएसएम, स्पेस, तिरकी, ऑनलाइन, स्पेस, तिरकी, एक्सपोर्ट हायफन ड्रायव्हर, स्पेस, तिरकी, डेस्टिनेशन, कोलन, ई, कोलन, उलटी तिरकी, डीआरव्ही असं लिहायचं. ही कमांड विंडोज १० आणि ११वरही चालते. यातल्या "ऑनलाइन" शब्दाचा इंटरनेटशी काही संबंध नाही. सध्या चालू असलेली विंडोज, एवढाच त्याचा अर्थ. इंटरनेट नसलेल्या घरात हा शब्द बघून लोक थबकतात, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि "एरर ८७" आला तर बहुतेक वेळा एखादी स्पेस किंवा रेघ चुकलेली असते, लॅपटॉपला काही झालेलं नसतं.

फॉरमॅट करण्याआधी तपासा

ही पायरी मी कधी सोडत नाही, तुम्हीही सोडू नका. ढीग बाहेर निघाला म्हणजे वायफायचा ड्रायव्हर त्यात आलाच असं धरून चालू नका.

त्याच टर्मिनलमध्ये आणखी एक कमांड द्या. पीएनपीयूटिल, स्पेस, तिरकी, एनम हायफन ड्रायव्हर्स, स्पेस, 'पेक्षा मोठं' हे एकच चिन्ह (शिफ्ट धरून फुलस्टॉपचं बटण), स्पेस, ई, कोलन, उलटी तिरकी, डीआरव्ही, उलटी तिरकी, लिस्ट डॉट टीएक्सटी. एनमची अक्षरं ई, एन, यू, एम. याने सगळ्या ड्रायव्हरची यादी पेनड्राइव्हवर एका फाइलीत उतरते.

मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क ॲडाप्टर्सखाली वायफायचं नाव असेल, त्यावर डबल क्लिक करा आणि डिटेल्स या टॅबवर जा. तिथे एक यादी खाली उघडते, तिच्यातून "आयएनएफ नेम" निवडा. खाली एखादं नाव दिसेल, समजा "ओईएम१२ डॉट आयएनएफ".

नाव ओईएमने सुरू होत असेल तर हा बाहेरून आलेला ड्रायव्हर, आणि तो तुमच्या ढिगात असायलाच हवा. लिस्टच्या फाइलीत ओईएम१२ शोधा. त्याच्या खालच्याच ओळीत त्याचं मूळ नाव असेल. इंटेलचं वायफाय असेल तर ते बहुधा "नेटडब्ल्यूटीडब्ल्यू"ने सुरू होतं. डीआरव्ही फोल्डरमध्ये त्या मूळ नावाचा फोल्डर आहे का बघा. उघडून आत आयएनएफ, एसवायएस आणि सीएटी अशा तिन्ही प्रकारच्या फाइली आहेत का तेही बघा. आहेत म्हणजे मोठी काळजी मिटली.

नाव ओईएमने सुरू होत नसेल, तर तो ड्रायव्हर विंडोजच्या पोटातलाच आहे. ढिगात तो दिसणार नाही, कारण ही कमांड फक्त बाहेरून आलेलेच काढते. विंडोजची तीच किंवा तिच्याहून नवी आवृत्ती टाकणार असाल तर तो बहुतेक वेळा तिच्यासोबतच येईल.

अशीच तपासणी तारेच्या नेटवर्कची करा, तुमच्याकडे तसं पोर्ट असेल तर. बाकीच्या भागांची केली नाहीत तरी चालेल. एकदा इंटरनेट मिळालं की आवाज, ब्लूटूथ, कॅमेरा यांचे ड्रायव्हर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच शोधून आणते. जीव सांभाळायचा तो नेटवर्कचा.

या बॅकअपमध्ये काय येत नाही

ड्रायव्हर येतो, त्याच्याबरोबरचं सॉफ्टवेअर येत नाही. ग्राफिक्सची सेटिंगची खिडकी, कीबोर्डवरच्या खास बटणांचं कंपनीचं ॲप, प्रिंटरचं स्कॅन करणारं ॲप वेगळं घालावं लागतं. प्रिंटरचा ड्रायव्हर ढिगात असला तरी प्रिंटर नव्याने जोडावाच लागतो.

आपले सरकार सेवा केंद्र किंवा झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्यांनी इथे जास्त काळजी घ्यावी. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचा ड्रायव्हर ढिगात आला तरी आधारच्या कामासाठी लागणारी आरडी सर्व्हिस येत नाही. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर येत नाही. डीटीपीवाल्यांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागत असेल, तर त्याची सेटअप फाइल आणि लायसन्सचे तपशील वेगळे जपा. या सगळ्यांच्या सेटअप फाइली इंटरनेट चालू असतानाच त्याच पेनड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा. सकाळी दुकानासमोर दाखल्यासाठी माणसं उभी असतात आणि ठसा घेणारं यंत्र हलत नाही, हा प्रसंग मी पाहिला आहे. त्या माणसांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

आणखी एक. ज्या कारणाने विंडोज बदलताय ते कारण एखादा ड्रायव्हरच असेल, सतत निळा पडदा येत असेल, तर सगळा ढीग परत घालू नका. फक्त नेटवर्कचा घाला आणि बाकीचे कंपनीच्या साइटवरून ताजे घ्या. नाहीतर जुनं दुखणं नव्या विंडोजमध्ये तुम्ही स्वतःच्या हाताने आणाल.

विंडोज सुरूच होत नसेल तर

मग विंडोजच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा आणि पहिल्या पडद्यावर शिफ्ट धरून एफ१० दाबा. काही लॅपटॉपवर एफएनचं बटणही सोबत धरावं लागतं. काळी खिडकी उघडेल. तिथे "नोटपॅड" टाइप करा, फाइलमधून ओपन निवडा, आणि खाली फाइलींचा प्रकार "ऑल फाइल्स" करा. आता या खिडकीतून सगळे ड्राइव्ह दिसतात. इथे अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा नेहमीचा सी इथे डी म्हणून दिसेल. आतलं विंडोज फोल्डर बघून ओळखा. वर सांगितलेला फाइलरिपॉझिटरी फोल्डर शोधा, त्यावर राइट क्लिक करून कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट करा. हा ढीग मोठा असतो कारण त्यात विंडोजचे स्वतःचेही ड्रायव्हर असतात, आणि कॉपी होताना खिडकी थिजल्यासारखी वाटते, पण काम चालू असतं. डिस्क बिटलॉकरने बंद असेल तर आत शिरायला तीच ४८ अंकी की लागते.

टाकताना डिस्कच दिसली नाही तर

इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे होतं. विंडोज कुठे टाकायची हे विचारणारा पडदा येतो आणि यादी रिकामी. लोकांना वाटतं एसएसडी गेली. ती गेलेली नसते. डिस्कच्या आणि विंडोजच्या मध्ये इंटेलचा व्हीएमडी नावाचा भाग असतो आणि त्याचा ड्रायव्हर सेटअपला माहीत नसतो. त्याच पडद्यावर "लोड ड्रायव्हर" आहे. ते दाबा, ब्राउझ करून पेनड्राइव्हवरच्या डीआरव्ही फोल्डरमध्ये जा आणि "आयएस्टोरव्हीडी"ने सुरू होणारा फोल्डर निवडा. अक्षरं आय, ए, एस, टी, ओ, आर, व्ही, डी. ड्रायव्हर यादीत आला की नेक्स्ट, आणि डिस्क दिसायला लागते. म्हणून टाकताना हा दुसरा पेनड्राइव्हही लॅपटॉपला लावलेला असू द्या. फॉरमॅट करताना मात्र चुकून तो निवडला जात नाही ना, हे त्याच्या आकारावरून ओळखा.

नव्या विंडोजमध्ये परत घालणं

विंडोज ११ टाकल्यावर पहिल्याच तयारीत इंटरनेट मागते आणि पुढे जाऊ देत नाही. अलीकडच्या आवृत्तीत त्याच पानावर ड्रायव्हर इन्स्टॉल करायचं बटण असतं. त्यातून वायफायचा फोल्डर दाखवला की काम होतं. बटण नसेल तर पुन्हा शिफ्ट आणि एफ१०, आणि खालची कमांड. पेनड्राइव्हचं अक्षर आधी नोटपॅडच्या युक्तीने बघून घ्या.

पीएनपीयूटिल, स्पेस, तिरकी, ॲड हायफन ड्रायव्हर, स्पेस, ई, कोलन, उलटी तिरकी, डीआरव्ही, उलटी तिरकी, स्टार, डॉट, आयएनएफ, स्पेस, तिरकी, सबडर्स, स्पेस, तिरकी, इन्स्टॉल. एंटर.

सबडर्सची अक्षरं एस, यू, बी, डी, आय, आर, एस. हा शब्द गाळलात तर कमांड आतल्या फोल्डरांत शिरत नाही आणि काहीच सापडत नाही. मध्येच पडदा एक-दोनदा काळा होईल, चित्राचा आकार बदलेल. तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसतोय, हात लावू नका. सगळं झालं की एकदा रीस्टार्ट करा.

कमांड नको वाटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण असलेल्या नावावर राइट क्लिक करा, अपडेट ड्रायव्हर निवडा, मग "ब्राउझ माय कॉम्प्युटर". डीआरव्ही फोल्डर दाखवा आणि "इन्क्लूड सबफोल्डर्स"वर टिक ठेवा. एकेक करून करावं लागतं, पण दिसतं सगळं डोळ्यांसमोर.

शेवटी एखादं "अननोन डिव्हाइस" उरलंच, तर त्याच्या डिटेल्समध्ये "हार्डवेअर आयडीज" बघा. त्यात व्हीईएन शब्दापुढे चार अक्षरं असतात. ८०८६ असेल तर इंटेल, १००२ असेल तर एएमडी, १० डीई असेल तर एनव्हिडिया, १० ईसी असेल तर रिअलटेक. कोणाचा ड्रायव्हर शोधायचा ते एवढ्यावरून कळतं.

बॅकअप न घेताच फॉरमॅट होऊन बसलं असेल, तर अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला लावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल डेटाची हवी, नुसत्या चार्जिंगची चालत नाही. बहुतेक फोन विंडोज आपोआप ओळखते आणि लॅपटॉपला तारेतून इंटरनेट मिळतं. भाच्याला त्या दिवशी हे सांगायचं माझ्या लक्षातच आलं नाही. फोनला जिथे रेंज असेल तिथे लॅपटॉप घेऊन बसायचं. त्यांच्याकडे ती मागची पडवी.

आता त्याचा डीआरव्हीचा पेनड्राइव्ह कपाटात, रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. वर कागदाच्या चिठ्ठीवर लॅपटॉपचं मॉडेल आणि तारीख लिहिलेली आहे.